शनिवारवाडा कोणी जाळला? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, ‘वाडा इंग्रजांनी मुद्दाम जाळला हे तुम्ही लपवता, घरबसल्या कागद चाळणाऱ्यांना एवढंच जमतं,’ असं आपण शनिवारवाड्यावरच्या माझ्या लेखावर लिहिलंत. एक चूक आधीच मान्य करतो. ‘1730 साली वाडा उभा राहिला’ हे माझं वाक्य ढिसाळ होतं. 10 जानेवारी 1730 ही पायाभरणी आणि 22 जानेवारी 1732 ही वास्तुशांत, दोन्ही शनिवारीच. दुरुस्ती केली आहे.

पण ‘लपवता’? मोडी कागदांत वीस वर्षं घालवल्यावर हा शब्द ऐकायची सवय उरत नाही. निदान ‘चुकता’ म्हणायचं होतंत.

17 नोव्हेंबर 1817 ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. आग लागली फेब्रुवारी 1828 मध्ये. मधली दहा वर्षं वाडा त्यांच्याच ताब्यात होता. 1825 मध्ये कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याला इथे तळमजल्यावर तुरुंग, वर दवाखाना आणि त्याच्या वर वेड्यांचं इस्पितळ दिसलं. जाळून कोणाची आठवण पुसायची होती? दुसरे बाजीराव पेशवे तर केव्हाच कानपूरजवळ बिठूरला गेलेले, इंग्रजांच्या तनख्यावर. आपल्याच तुरुंगाला काडी लावायचं कारण तुम्ही एका शब्दानेही दिलेलं नाही.

‘आठवडाभर जळत राहिला म्हणजे तेल ओतलं असणार’ हा तुमचा पुरावा. अहो, वाड्याची बांधणी तरी बघा! दगडी चौथऱ्यावर तळखडे (खांबाखालचे दगड), त्यांवर सागवानी खांब, वर तुळया, मग कडीपाट म्हणजे कड्या आणि फळ्यांचं छत, आणि त्यावर मातीची भर. विटा नुसत्या लाकडी सांगाड्यात भरलेल्या. आग खालून चढली की खांब करपून बारीक होतात, तुळई सुटते आणि वरचा मजला मातीसकट खाली बसतो. मातीखाली गाडलेली जाड लाकडं भडकत नाहीत, कोंडलेल्या वाऱ्यावर धुमसतात. वरून ओतलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांना सात दिवस कमीच. म्हणून आज चौथरे आणि हजारी कारंज्याचं सोळा पाकळ्यांचं कमळ शिल्लक आहे. गणेश रंगमहाल नाही. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना लाकडी असूनही वाचला, कारण तो तटावर आहे, महालांना चिकटून नाही. मुद्दाम जाळणाऱ्याने तोच बरा सोडला!

आग कशाने लागली, यावर मी लेखात काहीच ठरवून सांगितलेलं नाही. ठरवलंय तुम्ही.

मजल्यांची संख्या, मस्तानी दरवाजा, बांधकामाचा 16,110 रुपयांचा खर्च ‘हास्यास्पद’ वगैरे बाकीचे मुद्दे आत्ता घेत नाही. तेव्हाचा रुपया चांदीचा होता, एवढं लक्षात घेतलंत तरी पुरे.