वहिनी, तैलरंगात

नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी चित्रकार मित्राचा फोन आला, "बायकोचं पोर्ट्रेट झालं, पाहून जा," तर शहाणा माणूस ऊन लागल्याचं सांगतो. मी धरमपेठेत गेलो.

बैठकीत टर्पेंटाइन आणि कूलरच्या वाळ्याचा मिळून एक वास. ईझलवर वहिनी. ईझलशेजारी, तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन, पुन्हा वहिनी. दोघींची नजर माझ्यावर.

"काय जाणवून राहिलं?" मित्राने विचारलं.

अमूर्त चित्राचं बरं असतं. 'पोकळी' म्हटलं की निभावतं. इथे मात्र डोळ्यांखालची वर्तुळं, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, एवढंच काय, टिकलीच्या गोंदाने कपाळावर पडलेला पांढुरका डागही जिथल्या तिथे. 'हुबेहूब' म्हणावं तर वहिनी दुखावणार. 'वहिनी याहून छान दिसतात' म्हणावं तर चित्रकार.

मी इतिहासात पळालो. "सेझाननं बायकोची 29 तैलचित्रं केली म्हणतात. हसरी सापडणं कठीण."

"बसवून ठेवल्यावर कोण हासते?" वहिनी म्हणाल्या. "मी तीन रविवार बसली."

रेम्ब्रांटने 1634 मध्ये, लग्नाच्याच वर्षी, सास्कियाला फुलांनी मढवून फ्लोरा देवी केलं होतं. तेही ओठांवर आलं, पण या खोलीत ते बोलणं बरं नव्हे. पोह्यांबरोबर गिळलं. तर्रीने जीभ भाजली, तेवढीच दोन मिनिटं मिळाली.

मग वस्तूंकडे वळलो. "या स्टीलच्या पेल्यावरचा खिडकीचा उजेड, वा!"

"पेल्याचं नाही विचारलं," मित्र.

"आणि हातातल्या पाटल्या! सोन्याचं वजन दिसतं रे."

खोलीत नुसता कूलर बोलत राहिला. वहिनींनी हात पुढे केला. मनगटात काचेच्या दोन-दोन हिरव्या बांगड्या.

"लग्नाला 22 वर्षं झाली, भाऊजी. पाटल्या दरसाल पुढच्या दिवाळीले." मग नवऱ्याकडे वळून, "वर्तुळं खरी, डाग खरा, मंग पाटल्याच काऊन खोट्या?"

"कंपोझिशनची गरज होती," मित्र म्हणाला. "खाली डावीकडे पिवळा लागत होता."

वहिनींनी चष्मा लावला, वाकून चित्रातलं मनगट अगदी जवळून पाहिलं.

"किती तोळ्याच्या काढल्या?"

मित्र कूलरमध्ये पाणी टाकायला उठला.