कावून?

मे महिन्यात आमच्याकडे शहाणी माणसं सकाळी दहानंतर घराबाहेर पडत नाहीत. पारा 45च्या वर असताना मी मात्र तालुक्याला तीन आठवडे गणित शिकायला गेलो. स्वखुशीनं. म्हणजे कॉलेजातल्या मॅडमनी समोर बसवून फॉर्म भरून घेतला, त्याला स्वखुशी म्हणत असतील तर.

"परीक्षा हाय काय तिथं?" आईनं विचारलं.

"नाही."

"मार्क?"

"नाही."

"नोकरी लागते?"

"नाही वं."

"मंग कायले चाल्ला बाप्पा एवढ्या उन्हात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं पिशवीत चिवडा, पन्ह्याची बाटली आणि पाच-सहा पांढरे कांदे टाकले. एक कांदा माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला, ऊन लागू नये म्हणून.

देशात 1993 सालापासून एमटीटीएस नावाचं गणिताचं चार आठवड्यांचं उन्हाळी शिबिर भरतं. तिथे पाठांतराला किंमत नाही, शिक्षक फक्त प्रश्न विचारत सुटतात. आमचं शिबिर त्याच वळणाचं, पण गावठी. हॉस्टेलच्या हॉलमध्ये एकच कूलर होता आणि त्याच्या वाऱ्यात जेमतेम आठ खाटा मावत. पोट्टे होतो नऊ. पिजनहोलचं तत्त्व, म्हणजे खण कमी आणि कबुतरं जास्त असली की एका खणात दोघं येणारच, हे वर्गात शिकवायच्या आदल्या रात्रीच आम्ही एका खाटेवर दोघं झोपून सिद्ध केलं होतं. रात्री दोनला लाइन गेली की नऊच्या नऊ जण गच्चीवर, म्हणजे सगळे पुन्हा समान.

सर पुण्याकडचे. आवाज मऊ, चेहरा सज्जन. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: कोणतीही संख्या गुणिले शून्य बरोबर शून्य. मग वर्गावरून नजर फिरवली आणि माझ्यावर येऊन थांबली. वर्गात खिशाला टेंगूळ आलेला मी एकटाच होतो.

"सिद्ध कर."

मला वाटलं, सर गंमत करताहेत. "सर, हे तर दिसूनच राहिलं."

"कुठं?"

मी फळ्याकडे पाहिलं. तिथं खरंच काही दिसत नव्हतं. "पाढ्यात असते सर. दुसरीत शिकवते."

"दुसरीतल्या बाईंना कोणी सांगितलं?"

आता बाईंपर्यंत प्रकरण गेल्यावर मी काय बोलणार? पाऊण तास फळ्यासमोर उभा होतो. मधेच लाइन गेली, पंखा थांबला, पाठीवरून घामाचे ओघळ सुरू झाले. मी म्हणालो, शून्य म्हणजे काहीच नाही, आणि काहीच नाहीला पाच वेळा घेतलं तरी काहीच नाही. सर म्हणाले, "छान. आता शून्याला उणे अडीच वेळा घेऊन दाखव." माझा खडू हातातच मोडला.

शेवटी मागच्या बाकावरून गोंदियाकडची एक पोरगी उठली आणि म्हणाली, शून्य अधिक शून्य शून्यच ना? मग अ गुणिले शून्य म्हणजे अ गुणिले, कंसात शून्य अधिक शून्य. कंस सोडवला की अ गुणिले शून्य दोनदा येतं. म्हणजे जे एकदा तेच दोनदा. दोन्हीकडून एकेक वजा करा. एका बाजूला राहिलं शून्य, दुसऱ्या बाजूला अ गुणिले शून्य. झालं. तीन ओळी! मला पाऊण तासात घाम आला तेवढाच.

संध्याकाळी मोठ्या उत्साहानं बाबांना फोन लावून सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "2017ले गुलाबी बोंडअळी आली होती तवा पाच एकर कपाशीले मी शून्यानं गुणून पाह्यलं होतं. तीन ओळीत नाही झालं बाबू, दिवाळीपासून होळीपर्यंत लागलं." आणि जेवलास का म्हणून विचारलं.

त्यानंतर माझी भीड चेपली असं नाही, पण सवय झाली. "उघड आहे" हा शब्द वर्गात शिवीसारखा झाला. जो तो जो दिसेल त्याला "कावून?" विचारू लागला. मेसवाले काका म्हणाले आज भाजी वांग्याची, तर नऊ पोट्ट्यांचा एकच आवाज, "कावून?" काकांनी दुसऱ्या दिवशीही वांगीच केली. दुसऱ्या आठवड्यात तर सरही "का?" सोडून "कावून?" म्हणायला लागले. त्यांच्या तोंडी ते, पुरणपोळीवर तर्री ओतल्यासारखं वाटायचं.

कांद्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "यानं ऊन लागत नाही, कशावरून?" मी म्हणालो, सर, मी खिशात ठेवतो आणि मला लागलं नाही. "मी ठेवत नाही, मलाही लागलं नाही," ते म्हणाले. मी गप्प. वर्ग खिदळला.

शिबिर संपलं तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. सरांना दुपारी एकच्या एसटीनं नागपूर गाठायचं होतं. मी बॅग घेऊन स्टँडपर्यंत गेलो. डांबर चपलेला चिकटत होतं, रसवंतीवालासुद्धा झोपला होता. सरांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तो कांदा आहे का रे अजून?"

पिशवीत शेवटचा एक उरला होता. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात नीट बसवला आणि खिडकीजवळची जागा धरली. गाडी सुरू झाली तसा मी खाली धावत ओरडलो, "कावून सर?"

सरांनी खिडकीची काच ओढून घेतली.