जवानाला खोका पाठवताय? आधी त्याला विचारा तरी!

आज संध्याकाळी धरमपेठेत एका मंडळाच्या टेबलावर बोर्ड दिसला, "परदेशात तैनात आपल्या जवानांसाठी दिवाळी भेट". टेबलावर एक उघडा खोका. आत चॉकलेटचा मोठा पॅक, अत्तराचा स्प्रे, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, कापराची डबी, काडेपेटी, काचेच्या बरणीत लिंबाचं लोणचं. सगळ्यात वर कागद फाटलेली सुगंधी साबणाची वडी, आणि तिच्या खाली बेसनाचे लाडू. चार जण खोक्याला हात लावून फोटो काढून राहिले होते. पत्ता कोणाचा, विचारलं तर म्हणे, "तो पाहू नंतर, कोण्याही जवानाला जाईल!"

काहून जाईल, बाप्पा? कोण्याही जवानाला काहीच जात नाही. नाव नसलेला, कोणी पाठवला ते न कळणारा खोका कोणतंच युनिट आनंदाने उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पत्ता असा लागतो: सर्व्हिस नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), आणि त्या युनिटचा ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड. ५६ म्हणजे दिल्लीचं सेंट्रल बेस पोस्ट ऑफिस, ९९ म्हणजे कोलकात्याचं. तिथून पुढची वाट सैन्याच्या डाक विभागाची. म्हणून खोक्यावर देशाचं नाव, गावाचं नाव, तळाचं नाव काही लिहायचं नाही. खाजगी कुरिअरवाला एपीओचा पत्ता घेत नाही, पोस्टातच जावं लागतं. या डाक विभागाचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळच्या कामठीत आहे, आणि नागपुरात लोकांना ५६ एपीओ म्हणजे काय ते सांगावं लागते. असो.

हा पत्ता मिळतो जवानाच्या घरून. त्याच्या आईला, बायकोला विचारा. ओळखीचं कोणी नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. आणि पत्ता मिळाला की तो मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका, फोटोत तर मुळीच दिसू देऊ नका.

आता तो खोका. डाक विमानाने जाते हे कोणाच्या डोक्यातच नाही. कापूर पेट घेतो. काडेपेटीचं सांगायलाच नको. स्प्रेची बाटली दाबाखाली भरलेली असते. सुकं खोबरं लोकांना निरुपद्रवी वाटते, पण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकते, म्हणून विमानात त्याला अडवतात. पॉवर बँक, ब्लूटूथचे इयरफोन, लिथियम बॅटरीचं काहीही, नको. पूजेचं साहित्य म्हणून आपण श्रद्धेने जे बांधतो त्यातलं निम्मं तपासणीत बाहेर निघते, आणि कधी कधी त्याच्यासोबत अख्खा खोका अडकतो. चूर्ण, भस्म, घरगुती औषधाची पूड बिनलेबलची टाकू नका. पांढरी पूड पाहून समोरचा काय समजेल? आणि औषधांसाठी तिथे डॉक्टर आहेत.

खाण्याचं म्हणाल तर चॉकलेट ३४-३५ अंशाला पाघळते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतीसेनेत आपले जवान दक्षिण सुदान, लेबनॉन, गोलान अशा ठिकाणी असतात. दक्षिण सुदानच्या उन्हात त्याचं काय होईल ते सांगायला शास्त्रज्ञ नको. बेसनाचा लाडू तुपाचा, गरमीत बसतो, डब्याला चिकटतो. आणि साबणाच्या शेजारी ठेवला तर तीन आठवड्यांनी तो लाडू नसतो, गुलाबाच्या वासाचा साबणच असतो. खाण्याचं आणि अंगाला लावायचं एका खोक्यात ठेवायचंच नाही, उदबत्तीसुद्धा नाही. करंजी सगळ्यात आधी खवट होते, सारणातल्या खोबऱ्याने. चकली चवीला टिकते, पण पोचते तिचा चुरा. जवसाची चटणी आपली जान आहे, मान्य, पण जवसाचं तेल फार लवकर बिघडते.

टिकते काय? शंकरपाळे, नीट तळलेले, पूर्ण गार झाल्यावर भरलेले. गरम भरले की आत वाफ धरते आणि मऊ पडतात. मेतकूट, कारण डाळी भाजलेल्या आणि तेल जवळजवळ नाही. सावजी मसाला पाव किलो. आपल्या तुकडीत स्वयंपाकी आपलेच असतात, शिधाही मिळतो, पण सावजीचा मसाला कुठून येणार? एका पुडीत अख्ख्या लंगराची, म्हणजे जवानांच्या जेवणघराची, एक रात्र होते. कुरड्या द्या, पण मोडतात म्हणून कडक डब्यात. प्रत्येक पुडीवर काय आहे आणि कधी केलं ते लिहा.

वस्तूंमध्ये सुती मोजे, पायाची बुरशी थांबवणारी पावडर (सीलबंद, लेबलासकट), नेलकटर, ओठांचं मलम, डासांची क्रीम ट्यूबमधली, पत्त्यांचा जोड, पेनच्या कांड्या. एवढंच. मात्र जागा पाहून. सीरिया-इस्रायलच्या सीमेवरच्या गोलान टेकड्यांवर हिवाळ्यात बर्फ पडते, तिथे लोकरीचे मोजे आणि कानटोपी. दक्षिण सुदानात कानटोपी पाठवली तर जवान हसेल, बरोबरच्यांना दाखवेल, आणि ट्रंकेत टाकेल. म्हणून म्हणतो, विचारा.

"कँटीनमध्ये सगळं मिळते" असं कोणी लिहिणारच खाली. बरं, बरंच मिळते. पैसेच द्यायचे असतील तर ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी आहे, तोही चांगला. पण घरच्या मेतकुटाचा वास कोणत्या कँटीनमध्ये मिळते ते सांगा.

आणि पत्रं. शाळेत फळ्यावर "हे शूर सैनिका" लिहून चाळीस पोरांकडून उतरवून घेणं बंद करा हो! एकसारखी चाळीस पत्रं कोण वाचेल? पोराला लिहू द्या की आमच्या गल्लीत यंदा पाणी तुंबलं, माझा दात पडला, बाबांनी पोळ्याला लाकडी बैल आणला. असं पत्र खिशात राहते. फक्त पोराचं आडनाव, पत्ता, फोन नंबर लिहू देऊ नका.

खोका पाच पदरी घ्या, किराणा दुकानातला आधी वापरलेला नको, त्याचे कोपरे आधीच मेलेले असतात. वजन दोन-तीन किलोच्या आत ठेवा. मोठा एक करण्यापेक्षा छोटे दोन बरे, एक अडकला तरी दुसरा पोचतो. रिकाम्या जागेत थर्माकोल नको, आपले मराठी पेपर चुरगळून भरा. जवान ते इस्त्री केल्यासारखे उलगडून वाचतात, जाहिरातींसकट. काच नाही. पातळ काही नाही. हलवून पाहा, आवाज आला तर भरणं चुकलं. कंबरेच्या उंचीवरून एकदा टाकून पाहा, वाटेत याहून जास्त आपटतो. टेप झाकणाच्या फटीवर आणि दोन्ही कडांवर लावा. पत्ता बॉलपेनने लिहून त्यावर पारदर्शक टेप, आणि तोच पत्ता एका चिठ्ठीवर आत. वरचा फाटला तर आतला कामी येतो. पाठवणाऱ्याचा पत्ता पूर्ण लिहा.

दिवाळीसाठी पाठवायचं तर दीड-दोन महिने आधी. दक्षिण सुदानात साधारण ऑक्टोबरपर्यंत पाऊस असतो, रस्ते चिखलात जातात, पुढच्या चौक्यांवर सामान पोचायला विमान-हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते. शिवाय तुकड्या बदलतात. लेबनॉनची शांतीसेनेची मोहीम १९७८ पासूनची, तिची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. तुमचा खोका पोचेपर्यंत तो जवान तिथे असेल का, हेही घरच्यांना विचारूनच ठरवा. उशीर झालाच असेल तर फराळ टाकू नका, मेतकूट, मसाला आणि पत्रं पाठवा, ती संक्रांतीलाही गोड लागतात.

त्या टेबलावरच्या पोरांना मी वाईट म्हणत नाही. मन चांगलंच होतं त्यांचं. दोन पोरांनी कापूर, काडेपेटी, स्प्रे आणि खोबरं लगेच काढलं, चॉकलेट, लाडू आणि लोणच्याची बरणीही परत नेली. तिसऱ्याने विचारलं, मग आता खोक्यात राहिलं काय? राहिलं थोडंच, पण पाठवण्याजोगं राहिलं.

अजून एक. पावती जपून ठेवा. ट्रॅकिंग बहुतेकदा बेस पोस्ट ऑफिसपर्यंत दाखवते आणि तिथेच थांबल्यासारखं दिसते. घाबरू नका, जवानाला "मिळालं का" म्हणून मेसेजचा मारा करू नका. त्याची आई दर रविवारी बोलते त्याच्याशी, तिला सांगून ठेवा, ती कळवेल.