चार तासांची झोप पुरत नाही, आणि छातीवर कोणी बसत नाही

गेल्या पंधरवड्यात झोपेवरचा एक लांबलचक मेसेज आमच्या गावाच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. थोडक्यात असा: मेहनती माणसाला चार तास झोप पुरे, बाकी आळस. स्वप्नं पडली म्हणजे झोप लागलीच नाही. घोरणारा गाढ झोपलेला असतो. झोप येत नसेल तर एक पेला घ्या. आणि रात्री छातीवर दाब येऊन हातपाय हलेनासे झाले तर ते बाहेरचं, उतरवून घ्या. लोक हे खरं धरून चालले आहेत, म्हणून लिहितो.

आधी स्वप्नांचं. शेजारची काकू सकाळी सडा टाकता टाकता म्हणते, “रातभर सपनंच पडले, झोप कुठं लागली?” काकू, झोप लागली होती. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की यांनी आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्रभर नोंदी घेतल्या. झोपेत मधूनमधून मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात, हे त्यात दिसलं. १९५३ साली त्यांनी आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी ते प्रसिद्ध केलं. बुबुळं फिरत असताना त्यांनी लोकांना २७ वेळा उठवून विचारलं, तर २० वेळा त्यांनी स्वप्न तपशिलानं सांगितलं. हा टप्पा साधारण दर दीड तासानं येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. मोठ्या माणसाच्या झोपेचा चौथा-पाचवा हिस्सा त्यातच जातो. त्या टप्प्यात जाग आली की स्वप्न आठवतं, एवढंच. रोज तेच भयंकर स्वप्न पडून दचकून जाग येत असेल तर मात्र डॉक्टरला सांगावं.

घोरण्याचं आणि पेल्याचं फार बोलायला नको. जोरात घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो आणि माणूस गुदमरल्यासारखा उसळतो, ती गाढ झोप नव्हे, आजार आहे. त्यानं बीपी वाढतो आणि दिवसभर डुलक्या येतात. दारूनं डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटत राहते. घोरणाऱ्याचं तर तिनं आणखी बिघडतं.

चार तासांच्या गोष्टीचा मला खरा राग आहे. रब्बीत आमच्याकडे कृषिपंपाची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. गव्हा-हरभऱ्याचं ओलीत करायचं तर मध्यरात्री बॅटरी घेऊन निघायचं, चिखलातून स्प्रिंकलरचे पाईप उचलून मांडायचे. रानडुकरं आणि रोही शिरू नयेत म्हणून जागल वेगळीच. सकाळी सहाला घरी आलेला माणूस नऊला बाजेवर दिसला, की येणारा-जाणारा म्हणतो, “दिवस डोक्यावर आला, हा अजून लोळूनच आहे.” हा मेसेज त्या टोमण्याला शास्त्राचा मुलामा देतो.

शास्त्र उलटं सांगतं. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही लोकांना १४ दिवस रोज चारच तास झोपू दिलं, काहींना सहा. दोन्ही गटांचं लक्ष दिवसागणिक ढळत गेलं, चार तासवाल्यांचं जास्त. पण आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांचं त्यांना नीट कळत नव्हतं. “मले सवय आहे” म्हणणाऱ्या प्रत्येक भावानं हे ध्यानात घ्यावं. ओल्या हातानं स्टार्टर चालू करताना किंवा सकाळी फवारणीचं औषध मोजताना ही चूक अंगावर येते. रात्री ओलीत असेल तर संध्याकाळीच दोन तास पडून घ्या. सकाळी आल्यावर खिडकीला जाड पडदा टाकून झोपा. घरच्यांनीही त्याला हाक मारू नये.

आता छातीवरचा दाब. स्वप्नाच्या टप्प्यात मेंदू हातपाय ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच पळेल. कधी मन आधी जागं होतं आणि हा ढिलेपणा जरा उशिरा सुटतो. डोळे फिरतात, श्वास चालतो, पण हात उचलत नाही, आणि अर्धवट स्वप्न चालू असल्यानं खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं. झोप अपुरी किंवा वेळी-अवेळी झाली की हे जास्त होतं, उताणं झोपल्यावरही होतं. जागलीवरून आलेल्याला जास्त का दाबतं, ते यात आलं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते आपोआप सुटतं. यात उतरवायचं काही नाही.

उतरवण्याच्या नादात जीव जातो तो मण्यार चावल्यावर. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा ना दुखतं ना खूण दिसते. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळता-बोलता येत नाही, श्वास जड होतो. झोपेतला छातीवरचा दाब आपोआप सुटतो, हे मात्र वाढत जातं. अशा वेळी दंश शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, सर्पदंशावरची लस मिळेल त्या दवाखान्यात न्या. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि पावसाळ्यात लेकरांना खाली झोपवू नका. बाजेवर झोपवा आणि मच्छरदाणीचे काठ चारही बाजूंनी गादीखाली खोचा.