तो परत आला होता

आज सकाळी वेताळ टेकडीवर एका मुलावर ओरडले. पंचविशीचा असेल. माझा आवाज इतका चढला की रोज भेटणारे आजोबा काठी टेकून बघत उभे राहिले. घरी येऊन चहा टाकला, तोही गार झाला. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय.

त्या मुलाकडे कारवानी जातीच्या कुत्र्याचं आठेक महिन्यांचं पिल्लू होतं. पाय नुसत्या काटक्या. पट्ट्यातून सुळ्ळकन निसटलं आणि खारीमागे पसार झालं. हा दहा मिनिटं ‘सिंबा, कम! सिंबा, कम!’ करत झुडपांतून धावतोय. शेवटी पिल्लू आपल्या आपणच आलं. शेपूट पायात, मान खाली, पण आलं. आणि ह्याने साखळीच्या टोकाने त्याला दोन सणसणीत ठेवून दिल्या.

मी म्हटलं, अरे, तो आला ना! आला म्हणून मारतोस?

‘काकू, मग त्याला कळणार कसं?’ आणि वर, ‘इंडियन ब्रीड आहे, त्यांना एवढं काही लागत नाही.’

हे वाक्य मी आता पाठ म्हणू शकते. २००५ मध्ये मुधोळ हाउंडचं, म्हणजे कारवानीच्याच कर्नाटकातल्या भावंडाचं, टपाल तिकीट निघालं तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. २०१६ मध्ये सैन्याने मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली, २०२० मध्ये पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांबद्दल बोलले, आणि सगळ्यांना एकदम स्वदेशीची उबळ आली. कौतुक व्हावंच, माझी तक्रार नाही. पण ‘देशी’ म्हणजे फुकटचा, टिकाऊ, धुवायला सोपा असा अर्थ कुणी काढला? आमच्या जत, आटपाडी, सांगोल्याकडे ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आखूड, गुळगुळीत केसांचा तो कारवानी, कानाशेपटीला रेशमी झालर असलेला तो पश्मी. तिकडे त्यांना पळायला माळ असतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये काय असतं? गॅलरी.

हो, फ्लॅटमध्ये माझाही आहे. माहीत आहे मला.

तर माझा पाखऱ्या. नाव आण्णांनी ठेवलं, आमच्या जुन्या बैलाचं. तो वर्षाचा असताना ह्याच टेकडीवर, जवळजवळ ह्याच वळणावर, मोर दिसला आणि तो सुटला. साधा पट्टा घातला होता मी. ह्या कुत्र्यांची मान आणि डोकं जवळपास एकाच जाडीचं, साधा पट्टा कानांवरून मोज्यासारखा निघतो. ओढल्यावर थोडाच आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा लागतो, हे मला नंतर कळलं. पाऊण तास तो गायब. खाली रस्त्यावर गाड्या, माझ्या पोटात गोळा. आणि मग तो आला. जीभ लोंबतेय, पायाला काटे, डोळ्यांत आनंद मावत नाही.

मी त्याला मारलं. हातातल्या दोरीने. तीनदा.

म्हणजे आज त्या मुलावर जी ओरडत होती, ती नेमकी कुणावर ओरडत होती ते तुमचं तुम्ही ठरवा.

पाखऱ्याला मारलं त्या दिवशी संध्याकाळी आण्णांना फोन केला होता. मला वाटलं, म्हणतील बरं केलंस. आण्णा गप्पच. मग म्हणाले, ‘पळाला तवा मारायचा हुतास, घावला असता तर. आल्यावर मारलंस? आता बस हाका मारत.’

बसले की. घरातसुद्धा ‘ये’ म्हटलं की हा हातभर अंतरावर थांबायचा. चार महिने. जेवायचा, फिरायला यायचा, रात्री माझ्याच पांघरुणात घुसायचा (अंगावर केस आखूड, चरबी नाही, पुण्याची थंडीही सोसत नाही), पण ‘ये’ म्हटलं की थांबला. त्याच्या हिशेबात ‘ये’ म्हणजे दोरी. मोराचा हिशेब कधीच मिटला होता. मार बसला तो येण्याचा.

आणि लोक म्हणतात, ही जात हट्टी. हट्टी नाही हो, ती नजरेवर शिकार करणारी जात आहे. पळणारं काही दिसलं की कान बंद होतात, पाय सुरू होतात. तेवढ्यासाठीच माणसाने ती घडवली, आणि आता तेवढ्यासाठीच मारायचं? लॅब्राडॉर लवकर शिकतो, मान्य. बिस्किटासाठी लॅब आयकर भरेल. कारवानी तुमच्याकडे बघतो आणि विचार करतो. परक्याने हात लावलेलाही त्याला खपत नाही. आपल्या माणसाने हात उगारला तर तो विसरत नाही, एवढंच.

मग मी ‘ये’ टाकूनच दिलं. नवा शब्द घेतला: ‘भाकर!’ आधी घरात. भाकर म्हटलं की उकडलेल्या कलेजीचा तुकडा, दरवेळी, न चुकता. मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग मैदानात दहा मीटरची दोरी लावून. दोरी छातीच्या पट्ट्याला, मानेला नाही, नाहीतर पळता पळता झटका बसतो. दिवसाला पाच-सात वेळा, त्याहून जास्त नाही, कंटाळतो. आल्यावर कलेजी देऊन परत सोडायचं, म्हणजे येणं म्हणजे खेळ संपणं असं त्याला वाटत नाही. आठ महिने लागले. आठ! आजही टेकडीवर दोरी सोडत नाही मी. मोरांनी काय घोडं मारलंय? पण ‘पाखऱ्या, भाकर!’ अशी हाक मारली की तो दोरीच्या टोकावरून वळून जो सुटतो ना माझ्याकडे… लोक हसतात. हसू देत.

ह्याच लोकांतला कुणीतरी दर आठवड्याला ‘उपाशी ठेवता का हो ह्याला?’ विचारतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात त्याच्या! ह्याला लाडू करून ठेवला तर धावणार कोण? असो, तो वेगळा राग आहे.

लिहिता लिहिता निवळले थोडी. आता मघाचं आठवतंय. ‘काकू, मग त्याला कळणार कसं?’ असं त्या मुलाने विचारलं होतं. मला ते उद्धट वाटलं. पण त्याच्या हाताला झुडपांनी ओरखडे आले होते, शर्ट घामाने चिकटला होता, आणि तो थरथरत होता. मीही तशीच थरथरत होते त्या दिवशी. त्याने प्रश्न विचारला होता हो. मी उत्तर न देता तणतणत निघून आले. कंबरेच्या पिशवीत कलेजी असताना.

रोज सहाच्या सुमारास येतो तो, खाणीकडून. जास्तीचा मार्टिंगेल पट्टा आहे माझ्याकडे, पाखऱ्याचा लहानपणचा, जरा उसवलाय. आता शिवायला घेते. कलेजी कुकरमध्ये आहे, तिसरी शिट्टी झाली.