इंजिन अमेरिकेचं, मग विमान कुणाचं?

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तेच. एक कोटी वस्तीचा स्वीडन स्वतःचं लढाऊ विमान बनवून जगाला विकतो, आणि आपल्या तेजसला इंजिन अमेरिकेचं. मग कसलं स्वदेशी?

मी स्वीडनमध्ये, लिंकोपिंगला राहतो. स्वीडनचं ते लढाऊ विमान, ग्रिपेन, इथेच बनतं. डोक्यावरून गेलं तरी कुणी मान वर करत नाही. म्हणून सांगतो, त्याचंही इंजिन मुळात अमेरिकेचंच. तेजसमधलंच जीईचं (जनरल इलेक्ट्रिकचं) एफ-४०४, फक्त व्होल्वोने सुधारलेलं. नव्या ग्रिपेन-ईला एफ-४१४. याची झळही स्वीडनला बसली आहे. १९७८ मध्ये भारताला विगेन, म्हणजे ग्रिपेनच्या आधीचं स्वीडिश विमान, विकणं अमेरिकेने अडवलं, कारण त्याचं इंजिन प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीच्या परवान्यावर होतं. आपण जॅग्वार घेतलं. हे ग्रुपवर टाकलं, तर एक अंगठा आला.

फरक आहे तो वेगळाच. स्वीडनच्या लढाऊ विमानांची पहिली उड्डाणं बघा: टुनान १९४८, लान्सेन १९५२, ड्राकेन १९५५, विगेन १९६७, ग्रिपेन १९८८. एकाचं काम आटोपेपर्यंत दुसरं हाती, त्यामुळे माणसं पांगली नाहीत. शिवाय पहिलं गिऱ्हाईक स्वतःचं हवाई दल, आणि त्याला काय हवं ते पक्कं ठाऊक: ८०० मीटरच्या रस्त्यावर उतरायचं, सक्तीच्या लष्करी सेवेतल्या पोरांनी १० मिनिटांत पुन्हा सज्ज करायचं. १९८९ मध्ये ग्रिपेनचा पहिला प्रोटोटाइप इथेच उतरताना आपटला. १९९३ मध्ये दुसरं एक विमान स्टॉकहोमला, महोत्सवाच्या गर्दीदेखत कोसळलं. काम थांबलं नाही. आपल्याकडच्या चॅनेलांनी काय केलं असतं, ते सांगायला नको.

आणि आपण? भारतात बनलेलं पहिलं लढाऊ जेट मारुत १९६१ मध्ये उडालं, तेजस २००१ मध्ये. मधल्या ४० वर्षांत मारुत घडवणारे हात निवृत्त झाले. त्यावर मात्र कुणी भांडत नाही.

ऑफिसात तेजसला कुणी हसलं की मी 'आमचं विमान' म्हणून तावातावाने बोलतो. ग्रुपवर 'आमचं' म्हणजे ग्रिपेन. खरं तर पासपोर्ट अजून भारताचा असल्यामुळे इथल्या संरक्षणाच्या नोकऱ्यांसाठी मी अर्जसुद्धा केला नाही. मुलगा इथला नागरिक. त्याला यंदा मोन्स्ट्रिंगचं, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेआधीच्या चाचणीचं पत्र आलं आणि हवाई दलात जायचं म्हणतोय. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे कुणाच्या रे?" स्वीडनच्या, म्हणालो, आणि वर ग्रिपेन किती सुरक्षित आहे ते बराच वेळ पटवत बसलो.