त्यांना कंठ म्हातारपणी फुटलेला नाही

१४ मे २०२५ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या मैफलीत अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी आपल्याच देशाचं सरकार भ्रष्ट, अकार्यक्षम आणि देशद्रोही असल्याचं भर मंचावरून सांगितलं. तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांच्या सुरकुतलेल्या कातडीवर शेरा मारला आणि मायदेशी परत येईपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलं. तेव्हापासून एक विधान माझ्यापर्यंत फिरून फिरून येतं आहे. कधी जुन्या मित्राच्या फॉरवर्डमधून, कधी घरच्या ग्रुपवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरून. थोडक्यात ते असं: गाणी चालेनाशी झाली की या म्हाताऱ्या गायकांना समाज आठवतो. चर्चेत राहायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यांच्या बोलण्याने काही होत नाही, विषयातलं त्यांना कळत नाही, आणि या वयात त्यांनी गप्प बसावं.

यातला एकेक तुकडा वेगळा काढून बघायला हवा. मी ही गाणी चाळीसेक वर्षं ऐकतो आहे, आणि या माणसांबद्दल इतकं सहज काहीही बोललेलं मला सोसत नाही.

आधी ‘गाणी चालेनाशी झाली की’ हा भाग. इथे साधा कालक्रमच चुकला आहे. अमेरिकन लोकगायिका जोन बाएझ नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होत्या. पुढच्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या नागरी हक्कांच्या मोर्चात गायल्या तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. १९६४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आयकरातला ६० टक्के हिस्सा लष्करावर खर्च होतो, म्हणून तेवढा मी भरणार नाही. १९६७ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध ओकलंडच्या भरती केंद्राचं दार अडवलं म्हणून त्या तुरुंगात गेल्या. त्यांची गाणी तेव्हा घरोघर वाजत होती.

हॅरी बेलाफोंटे यांचं तर कुणी नावच घेत नाही. १९५६ च्या ‘कॅलिप्सो’ या तबकडीने त्यांना अमेरिकेतल्या सर्वांत खपाच्या गायकांमध्ये नेऊन बसवलं होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीमध्ये कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणाऱ्या तरुणांचे पैसे संपत आले होते. बेलाफोंटे यांनी मित्र सिडनी पॉटिए यांना सोबत घेतलं आणि ७०,००० डॉलर रोख घेऊन दोघे ग्रीनवूडला गेले. विमानतळावरून गावात जाताना कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनच्या गाड्या त्यांच्या मागावर होत्या. एक देशातला लाडका गायक, दुसरा त्याच वर्षी ऑस्कर मिळालेला नट. चर्चेत राहायला त्या रात्री, त्या रस्त्यावर जायची त्यांना काय गरज होती?

आणि स्प्रिंगस्टीन? १९७९ मध्ये अणुऊर्जेविरुद्धच्या मैफली, १९८८ मध्ये ॲम्नेस्टी या संघटनेचा मानवी हक्कांसाठीचा जगदौरा. तो दौरा ३० सप्टेंबर १९८८ ला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आला होता. स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू न्दूर आणि तेव्हा ३९ वर्षांचे स्प्रिंगस्टीन आपल्याच देशात, आपल्याच माणसांसमोर गाऊन गेले. निःशस्त्र अमादू डियालो या तरुणावर न्यूयॉर्क पोलिसांनी झाडलेल्या ४१ गोळ्यांवर त्यांनी २००० मध्ये गाणं केलं, तेव्हा पोलिसांच्या संघटनेने त्यांच्या मैफलींवर बहिष्कार टाकायला सांगितलं होतं. म्हणजे मँचेस्टरला ते जे करत होते ते निदान ४५ वर्षं करत आले आहेत. लक्ष गेलं नसेल तर ते आपलं. त्यांचा कंठ काही २०२५ मध्ये फुटला नाही.

आता ‘स्वस्त मार्ग’. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. २००५ च्या गरिबीविरुद्धच्या ‘लाइव्ह ८’ मैफलीनंतर तिथे गायलेल्यांच्या जुन्या तबकड्यांचा खप एका आठवड्यात कितीतरी पटींनी वाढला होता. पण तिथे गायलेल्या पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिल्मर यांनीच तेव्हा सांगितलं की या वाढीव विक्रीतून माझ्या वाट्याला येणारा पैसा मी दान करेन, आणि इतरांनीही करावा. आयरिश गायक बॉब गेल्डॉफ यांचंही उदाहरण दिलं जातं. १९८४ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्या बूमटाउन रॅट्स या बँडची गाणी खरंच चालत नव्हती. पण पुढे काय झालं? दुष्काळासाठीची १९८५ ची ‘लाइव्ह एड’ मैफल जगभर पाहिली गेली आणि १९८६ मध्ये बँड बंद पडला. बँड वाचवायला समाजकार्य केलं असेल, तर तो डाव साफ फसला म्हणायचा.

दुसऱ्या बाजूचा हिशेब मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांच्या वीव्हर्स या गटाचं गाणं १९५० मध्ये अमेरिकेत १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. लगेच कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांना काळ्या यादीत टाकलं गेलं. कार्यक्रम रद्द झाले, रेडिओ बंद झाला. ऑगस्ट १९५५ मध्ये संसदेच्या समितीने सीगर यांना बोलावून विचारलं की कुठे, कुणासाठी गायलात. ‘स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही’ अशी कायदेशीर पळवाट त्यांना उपलब्ध होती. ती त्यांनी घेतली नाही. माझी मतं आणि माझी संगत हा तुमचा प्रश्नच नाही, एवढंच सांगितलं. १९६१ मध्ये त्यांना दोषी ठरवून एक वर्षाची शिक्षा झाली, ती १९६२ मध्ये अपिलात रद्द झाली. मधली वर्षं त्यांनी शाळांत, महाविद्यालयांत, मुलांच्या शिबिरांत बॅन्जो घेऊन गात काढली. पहिल्या क्रमांकावरून शाळेच्या वर्गात.

मार्च २००३ मध्ये, इराकवरच्या हल्ल्याच्या दहा दिवस आधी, डिक्सी चिक्स या अमेरिकन गटाच्या नॅटली मेन्स लंडनच्या मंचावर एक वाक्य बोलल्या: राष्ट्राध्यक्ष (बुश) आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. त्या २८ वर्षांच्या होत्या आणि त्यांचा गट कंट्री संगीतात शिखरावर होता. रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी वाजवणं थांबवलं, लोकांनी सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या. २००६ मध्ये साठीतले रॉक गायक नील यंग जुन्या साथीदारांबरोबर युद्धविरोधी गाणी घेऊन दौऱ्यावर निघाले. अटलांटात तिकीट काढून आलेले लोक हुर्यो करत उठून गेले. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ मध्ये, किशोरकुमार यांनी सरकारी प्रचाराला सहकार्य नाकारलं, तर आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांचा आवाजच गायब झाला. आता सांगा, यातला स्वस्त मार्ग कोणता. लोकप्रियता टिकवायची तर गप्प बसणं सगळ्यांत सोपं असतं. ते बहुतेक जण करतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

‘बोलण्याने काही होत नाही’ हे मला सर्वांत लागतं, कारण न्यूयॉर्कची हडसन नदी माझ्या डोळ्यांसमोर येते. १९४७ पासून तीस वर्षं जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून पीसीबी नावाची विषारी रसायनं त्या नदीत जात होती. मासे खाण्यालायक राहिले नाहीत. सीगर यांनी मित्रांबरोबर वर्गणी काढून जुन्या घडणीचं १०६ फुटी शिडाचं जहाज बांधून घेतलं, ‘क्लिअरवॉटर’. १९६९ मध्ये ते पाण्यात उतरलं तेव्हा सीगर पन्नाशीचे होते. काठावरच्या गावागावांत जहाज लावायचं, मुलांना वर घ्यायचं, जाळं टाकून नदीत काय उरलंय ते दाखवायचं, संध्याकाळी गाणी. त्यातून संघटना उभी राहिली, दशकानुदशकं पाठपुरावा झाला. २००२ मध्ये नदीचा तळ उपसायचा सरकारी आदेश निघाला आणि उपसा सुरू झाला २००९ मध्ये. सीगर तेव्हा नव्वदीचे होते. नदी एकट्या त्यांनी साफ केली नाही, असा दावा त्यांनीही कधी केला नसता. पण चाळीस वर्षं एकाच नदीला धरून राहिलेल्या माणसाला ‘चर्चेसाठी’ म्हणणं अन्याय आहे.

सगळंच गोमटं नसतं, हेही खरं. १ ऑगस्ट १९७१ च्या बांगलादेशसाठीच्या मैफलीचं मूळ पंडित रविशंकर यांच्या तळमळीत होतं. तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफला गेले, पण तबकडीचा मोठा पैसा कराच्या घोळात वर्षानुवर्षं अडकला, कारण कागदपत्रं आधी नीट केली नव्हती. गेल्डॉफ यांनी १९८४ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी केलेल्या गाण्याने अख्ख्या आफ्रिकेला लाचार रंगवलं, ही आफ्रिकी लोकांची तक्रारही रास्त आहे. कामावर अशी टीका जरूर करावी, तिने काम सुधारतं. हेतूवर चिखल टाकून काय सुधारतं?

विषयातलं कळत नाही, म्हणे. जानेवारी २०२२ मध्ये नील यंग यांनी लशीबद्दल खोटी माहिती पसरवणारा कार्यक्रम चालतो म्हणून स्पॉटिफाय या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या सेवेवरून आपली गाणी काढून घेतली. त्यांच्याच सांगण्यानुसार ऑनलाइन ऐकली जाणारी त्यांची ६० टक्के गाणी तिथेच ऐकली जात. मागोमाग गायिका जोनी मिचेल यांनीही काढली. ७६ आणि ७८ वर्षांचे हे दोघे कॅनडात वाढले, आणि दोघांनाही लहानपणी पोलिओ झाला होता. यंग यांना १९५१ मध्ये, मिचेल यांना नवव्या वर्षी. पोलिओची लस आली १९५५ मध्ये. लस नसलेलं जग या दोघांनी अंगावर काढलं आहे. आपल्याकडेही ज्यांच्या आळीत, ज्यांच्या वर्गात कॅलिपर लावून चालणारं एखादं मूल होतं, त्यांना यातलं ‘कळणं’ काय असतं ते सांगायला नको. यंग २०२४ मध्ये परत आले खरे. कारण तोच कार्यक्रम एव्हाना इतर सेवांवरही जाऊन पोचला होता, आणि सगळीकडूनच गाणी काढायची तर ऐकणाऱ्यांना ती ऑनलाइन जवळजवळ कुठेच मिळाली नसती. पण जे दोन वर्षं सोडलं ते सोडलंच.

‘गाणाऱ्याने गावं’ हे महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा शाहिरांच्या डफावर भरत. त्यांची गाणी आणि त्यांचं राजकारण वेगळं करायला गेलात तर हातात काहीच उरणार नाही.

राहिलं वय. खरा राग त्याच्यावरच आहे असं मला वाटतं, कारण तोच शेरा आपण घरातल्या म्हाताऱ्यांवरही मारतो: साठी बुद्धी नाठी, आता देवाचं नाव घ्या. आईने वर्तमानपत्र वाचून मत दिलं की आपण विषय बदलतो. मीही बदलला आहे, आणि ती गेल्यापासून त्याची बोच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये ९२ वर्षांचे सीगर दोन काठ्या टेकत मॅनहॅटनच्या रस्त्यावरून मध्यरात्री आर्थिक विषमतेविरुद्धच्या तरुणांच्या मोर्चात चालले. त्या पोरांपैकी कुणी त्यांना घरी जा म्हटलं नाही. सोबत गायली.

आणि दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबा. १९६० मध्ये आईच्या अंत्यविधीला मायदेशी परतायला निघाल्या, तर वर्णद्वेषी सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केल्याचं कळलं. पुढची तीस वर्षं मायदेश बंद. १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे त्यांनी साक्ष दिली, देशात त्यांच्या तबकड्यांवर बंदी आली. १९९० मध्ये त्या परतल्या. तिथे थांबल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. सप्टेंबर २००८ मध्ये इटलीतल्या कास्तेल व्होल्तुर्नो या गावात माफियाने सहा आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घालून मारलं. ९ नोव्हेंबरला त्याच गावात माफिया आणि वंशद्वेषाविरुद्ध मैफल झाली. मकेबा ७६ वर्षांच्या होत्या, तब्येत बरी नव्हती, तरी आल्या. अर्धा तास गायल्या. गाणं संपवून त्या कोसळल्या, आणि त्याच रात्री गेल्या.